आठची मालिका साडेसहाला



आज एका ओळखीच्या चित्रापासून सुरुवात करू. अल इत्तिहाद रोडच्या गर्दीतून सुटून तुम्ही शारजाच्या घरी पोचता. लेक सोफ्यावर फोन घेऊन बसलेली असते आणि फोनवर कोरियन मालिका चालू असते. कोरियनमधले नमस्कार, धन्यवाद, 'ताई' आणि 'दादा' तिला पाठ आहेत. पण आजीचा फोन आला की उत्तर मात्र इंग्रजीत! मग आपण चिडतो. आज चिडण्याआधी थोडं समजून घेऊ. ती मालिका तिच्यापर्यंत पोचली कशी, आणि आपली वाहिनी कुठे अडली?

'टीव्हीएन' ही दक्षिण कोरियातली केबल वाहिनी ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिथे केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन जुन्या वाहिन्यांचा दबदबा होता. (ही एमबीसी कोरियातली, आपल्याकडच्या अरबी एमबीसीशी तिचा संबंध नाही.) केबलवरच्या मालिकेला कोणी फारसं मोजत नसे. २०१५ मध्ये 'टीव्हीएन'ने 'रिप्लाय १९८८' आणली. सोलमधली एक गल्ली, तिथली पाच कुटुंबं आणि जेवणाच्या वेळी या घरातून त्या घरात जाणाऱ्या वाट्या. गोष्ट इतकी स्थानिक, तरी देशभर गाजली. २०२० मध्ये याच वाहिनीच्या 'क्रॅश लँडिंग ऑन यू'च्या शेवटच्या भागाने वीस टक्क्यांच्या वर प्रेक्षक खेचले. नेटफ्लिक्समुळे ती मालिका उपशीर्षकांसह जगभर गेली, तशी तुमच्या सोफ्यावरही आली.

आता आपल्या घरची गोष्ट. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. 'गजरा', 'चिमणराव' ही नावं घेतली की आई-बाबांचे चेहरे आजही खुलतात. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आली, एशियासॅट उपग्रहावरून. त्या उपग्रहाचा पल्ला आखातापर्यंत होता. त्यामुळे गच्चीवर मोठी छत्री बसवली की इथेही हिंदी कार्यक्रम दिसू लागले. पण मराठी?

१९९३ मध्ये तमिळची सन टीव्ही आली, त्याच वर्षी मल्याळमची एशियानेट आली. मराठीची पहिली मोठी खासगी वाहिनी, अल्फा मराठी, उजाडली १५ ऑगस्ट १९९९ ला. मधे सहा वर्षं गेली. यामागे जाहिरातीचं साधं गणित होतं. मराठी माणसाला हिंदी कळतं आणि तो हिंदी मालिका आवडीने बघतो. मग साबणवाल्याने त्याच घरासाठी दोनदा पैसे का मोजावेत? आपल्याला दुसऱ्याची भाषा येते, हेच आपल्या भाषेला महाग पडलं.

हे गणित बदललं ते घरातल्या गोष्टींनी. अल्फावरच्या 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णींची सुधा शेजारची वाटायची. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. तिची 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. अल्फाची पुढे झी मराठी झाली. २००४ पासून आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर'मध्ये दारोदार जाऊन वहिनींशी गप्पा मारू लागले आणि पैठणी देऊ लागले. कॅमेरा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कौतुकाने शिरला. २००८ मध्ये स्टार प्रवाह आली आणि चुरस वाढली.

दुसरा मोठा बदल झाला २०१५ मध्ये. प्रेक्षक मोजण्याचं काम 'बार्क' या नव्या संस्थेकडे आलं आणि त्याच वर्षी गावातली घरंही मोजणीत धरली जाऊ लागली. लगेच पुढच्या वर्षी पडद्यावर काय दिसलं, आठवतंय? 'रात्रीस खेळ चाले'मधलं कोकण आणि मालवणी बोली. 'तुझ्यात जीव रंगला'मधला कोल्हापूरचा राणादा. त्यानंतरच्या वर्षी 'लागिरं झालं जी'मधलं सातारा. गावाची गोष्ट आधीही होतीच. पण गावातला प्रेक्षक आकड्यात दिसू लागला, तसं वाहिन्यांचं लक्ष तिकडे जास्त वळलं.

मंडळी, आपल्यासाठी खरा मुद्दा इथेच आहे. ही मोजणी होते भारतातल्या घरांत. तुमच्या करामातल्या किंवा अबू धाबीतल्या टीव्हीची तिच्यात नोंद नाही. तुमची वर्गणी वाहिनीला हवी असते, पण आज कोणती गोष्ट दाखवायची हे ठरवताना तुमची लेक कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. वेळेचंही तसंच. महाराष्ट्रात रात्री आठला, जेवणाच्या ताटासमोर लागणारी मालिका इथे साडेसहाला लागते. तेव्हा बाबा गाडीत असतात, आई ऑफिसातून निघत असते आणि मुलं शिकवणीला गेलेली असतात.

म्हणजे मुलांना मराठी ऐकवण्याचं काम वाहिनी आपणहून करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, पण साधन हाताशी आहे. मालिका आता ॲपवर हवी तेव्हा बघता येते. आठवड्यातून एक भाग ठरवा आणि तो फोनवर नको, मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघा. मालिका मुलांना निवडू द्या, मग ती विनोदी असो की भुताची. उपशीर्षकं असतील तर खुशाल लावा, कोरियन मालिका ती तशीच तर बघते! मधे थांबवून व्याकरण शिकवू नका. हसू आलं तर हसा, सासू फारच छळत असेल तर तिला नावं ठेवा.

आणि तोच भाग आजीलाही बघायला सांगा. मग फोन लावा आणि लेकीच्या हातात द्या. "आजी, तिने असं का केलं गं?" एवढा एक प्रश्न पुरे आहे. आजी पुढची वीस मिनिटं मराठीतच बोलेल. "जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय" यापलीकडे दोघींना बोलायला एक विषय मिळेल.

कोरियाच्या त्या गल्लीतल्या वाट्या तुमच्या लेकीला आवडल्या. आपल्या चाळीतही वाट्या अशाच फिरत होत्या. हे तिला अजून कोणी मराठीत सांगितलेलं नाही, एवढंच. या शनिवारी सांगून बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!