कोटींची मसल कार: भाव कशाला मिळतो?

जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात मीकम कंपनीच्या लिलावात १९७१ सालची एक निळी प्लिमथ ‘हेमी कुडा’ कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने हे सुमारे २१ कोटी रुपये झाले. त्याच साली, त्याच कारखान्यातून बाहेर पडलेली साध्या इंजिनाची बॅराकुडा (कुडा ही तिचीच खास श्रेणी) यापेक्षा कितीतरी पटींनी स्वस्त मिळते. दोन्हींचा सांगाडा एक, दिवेही बरेचसे सारखेच. मग हा फरक कशाचा? अशा लिलावांच्या बातम्या आपल्याकडे हौसेने वाचल्या आणि पुढे पाठवल्या जातात, पण त्यांच्यासोबत काही समजुतीही पसरतात. त्या एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १: जुनी अमेरिकन मसल कार म्हणजे कोट्यवधींचं घबाड.

वस्तुस्थिती: मसल कार म्हणजे बेताच्या आकाराच्या दोन दारी गाडीत बसवलेलं मोठं व्ही-८ इंजिन. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. विम्याचे चढे हप्ते, धुराबाबतचे कडक नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा काळ संपवला. या आठ-दहा वर्षांत अशा गाड्या लाखोंनी बनल्या, त्यामुळे नुसतं जुनं असणं ही दुर्मिळता ठरत नाही.

भाव ठरतो तो विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअरबॉक्स आणि विशिष्ट बॉडी एकत्र आल्यामुळे. १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल सगळी मिळून डझनभरच बनली, कारण ती कुणी घेतच नव्हतं. ४२६ घन इंचांच्या हेमी इंजिनासाठी सुमारे ९०० डॉलर जादा मोजावे लागत आणि वर विम्याचा बोजा. शेव्हरोलेच्या १९६९ च्या कॅमेरो झेडएल-१ ची कथाही अशीच आहे. तिच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठीच चार हजार डॉलरहून जास्त लागत, त्यामुळे गाडीची किंमत सात हजारांपलीकडे गेली आणि डीलरांच्या दारात गाड्या पडून राहिल्या. एकूण बनल्या ६९. त्या काळी ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, त्याच गाड्या आज दुर्मिळ आहेत.

गैरसमज २: बोली लागली तेवढी गाडीची किंमत झाली.

वस्तुस्थिती: बातमीतला आकडा नेमका कशाचा आहे, हे आधी विचारावं. हातोडा पडतो ती एक रक्कम. त्यावर खरेदीदाराला लिलाव कंपनीचं शुल्क भरावं लागतं आणि ते बहुधा दहा टक्क्यांच्या घरात असतं. स्टीव्ह मॅक्वीनने ‘बुलिट’ चित्रपटात चालवलेली १९६८ ची फोर्ड मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे ३४ लाख डॉलरच्या बोलीवर विकली गेली. शुल्क धरून खरेदीदाराला ती ३७ लाख ४० हजार डॉलरला पडली. त्यामुळे एकाच विक्रीचे दोन आकडे फिरत राहतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुसरी गोष्ट राखीव किमतीची. मालकाने आधी ठरवलेल्या किमान रकमेपर्यंत बोली पोहोचली नाही, तर गाडी विकली जात नाही. मे २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात १९७१ च्या एका हेमी कुडा कन्व्हर्टिबलवर ४८ लाख डॉलरपर्यंत बोली चढली, तरीही मालकाने गाडी दिली नाही. तो आकडा विक्रम म्हणून सांगणं चूक आहे, कारण तिथे व्यवहारच झाला नाही.

गैरसमज ३: चेसिस नंबर पाहिला की सगळं कळतं.

वस्तुस्थिती: ते कंपनीवर अवलंबून आहे. सतरा आकडी-अक्षरी क्रमांकाची आजची पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा होता.

प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरच्या गाड्यांचे नंबर बरेच बोलके असतात. १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा नंबर ‘बीएस २७ आर १ बी’ असा सुरू होतो. बी म्हणजे बॅराकुडा, एस म्हणजे तिची ‘कुडा’ ही खास श्रेणी, २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे ४२६ हेमी, १ म्हणजे १९७१ साल आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅमॅकचा कारखाना. पाचव्या जागी ‘आर’ नसेल, तर बॉनेट उघडल्यावर हेमी इंजिन दिसलं तरी ती गाडी कारखान्यातून हेमी म्हणून निघालेली नाही.

जनरल मोटर्सच्या, म्हणजे पॉन्टियाक आणि शेव्हरोलेच्या, गाड्यांत इतकी सोय नाही. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे पॉन्टियाक लमाँवर घ्यायचं पॅकेज होतं. चेसिस नंबर लमाँचाच असे, जीटीओचा वेगळा नंबर १९६६ पासून आला. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसचंही तसंच. ४५० अश्वशक्तीचं एलएस-६ इंजिन असलेली शेव्हेल एसएस आणि शेव्हेलचीच साधी व्ही-८ मलिबू यांचे नंबर सारख्याच आकड्यांनी सुरू होतात. खोट्या एसएस इतक्या का फिरतात, याचं उत्तर इथे सापडतं.

गैरसमज ४: ‘मॅचिंग नंबर्स’ लिहिलंय म्हणजे गाडी अस्सल.

वस्तुस्थिती: या शब्दांचा नेमका अर्थ असा की, चेसिस नंबरचा काही भाग इंजिनावर पंच केलेला आहे आणि तो जुळतो. विकणारे मात्र ते सैलपणे वापरतात. कुणी ‘त्याच प्रकारचं इंजिन’ एवढ्यावरच ते दोन शब्द लिहून मोकळा होतो. शिवाय नंबर घासून नवा पंच करता येतो.

तपासनीस हे कसं पकडतो? शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनावर पुढच्या बाजूला, हेडला लागून एक छोटी सपाट पट्टी असते आणि नंबर तिच्यावर पंच करतात. कारखान्यातलं यंत्र ब्लॉकचा वरचा भाग तासतं, तेव्हा या पट्टीवर बारीक, समांतर रेघा उमटतात. कुणी ग्राइंडर फिरवून जुना नंबर काढला असेल, तर रेघा गायब होतात किंवा त्यांच्या जागी गोल ओरखडे दिसतात. म्हणून जाणकार आधी त्या रेघा भिंगाखाली पाहतो, नंबर त्यानंतर वाचतो.

दुसरी खूण ओतकामाच्या तारखेची. ब्लॉकवर ‘सी १४ ९’ असं उठावदार दिसलं, तर सी म्हणजे तिसरा महिना, म्हणजे १४ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारी १९६९ ची असेल, तर हे इंजिन तिचं असूच शकत नाही. लोखंड ओतायच्या आधी गाडी कशी तयार होईल?

गैरसमज ५: चकाचक रंगवलेल्या गाडीला जास्त भाव येतो.

वस्तुस्थिती: सामान्य गाडीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. इतिहास असलेल्या गाडीच्या बाबतीत ते उलटं पडू शकतं. बुलिट मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये सुमारे सहा हजार डॉलरला घेतली आणि रोजच्या वापरात ठेवली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षं उभीच होती. लिलावात आली तेव्हा रंग उडालेला होता, पत्र्यावर गंज होता. पण चित्रीकरणात कॅमेरे बसवण्यासाठी खाली जोडलेल्या नळ्याही जागेवर होत्या आणि मॅक्वीनचं पत्र सोबत होतं. डेंटिंग-पेंटिंग करून ती नवीकोरी केली असती, तर हाच पुरावा खरवडला गेला असता.

गैरसमज ६: क्लोन म्हणजे फसवणूक.

वस्तुस्थिती: साध्या मलिबूची एसएस करणं हा गुन्हा नाही. अनेकांना अशी गाडी चालवण्याचा आनंद हवा असतो, तिजोरीत ठेवण्याचा दागिना नको असतो. ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ असं स्पष्ट सांगून विकलेली गाडी हा सरळ व्यवहार आहे. तीच गाडी अस्सल म्हणून विकली, तिथे फसवणूक सुरू होते. चेसिस नंबरात फेरफार करणं हा तर अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

गैरसमज ७: भाव चढतच राहतो.

वस्तुस्थिती: कोब्रा गाड्यांचे निर्माते कॅरोल शेल्बी यांची स्वतःची ८०० अश्वशक्तीची कोब्रा ‘सुपर स्नेक’ २००७ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात ५५ लाख डॉलरला गेली. आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच कंपनीच्या लिलावात तिला सुमारे ५१ लाख मिळाले. मधल्या काळातली महागाई, विमा आणि देखभाल धरली, तर तोटा आणखी मोठा. जगात एकमेव उरलेल्या गाडीची ही गत, तर इतरांचं काय सांगावं?

मग विश्वास कशावर ठेवायचा?

कागदांवर. पॉन्टियाकसाठी ‘पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडून मूळ बिलाची प्रत मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ मिळतो, कारण केव्हिन मार्टी यांच्याकडे फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरोलेसाठी अशी सोय बहुतेक नाही. म्हणून सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटून राहिलेला, कारखान्यातला बिल्ड शीट नावाचा मळका कागद सापडला, तर गाडीच्या किमतीत मोठा फरक पडतो. अर्थात कागदही बनावट असू शकतो. म्हणून कागद, पंच केलेला नंबर, ओतकामाची तारीख आणि मालकांची साखळी, या चारही गोष्टींनी एकच हकिगत सांगायला हवी.

आपण सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय जमिनीचा इसार देत नाही. जुनी गाडी घेताना, मग ती डेट्रॉईटची मसल कार असो की गावातल्या वाड्यात उभी असलेली एखादी फियाट, तीच शिस्त पाळा. विकणाऱ्याशी संबंध नसलेला तपासनीस बोलवा आणि बोली लावण्याआधी बोलवा. कागद जुळत नसतील, तर गाडीला गाडीचा भाव द्या, नावाचा देऊ नका.