मोबाईलमधून पुसले गेलेले नंबर परत कसे मिळवावेत?



भाताची कापणी-झोडणी उरकली, नागली आणि वरई घरात आली, की आपल्या त्र्यंबक तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या कामाला निघतात. कोणत्या बागेत, किती माणसे, कोणत्या दिवशी, मजुरी काय, गाडी कोण पाठवणार, हे सारे आता फोनवर ठरते. तेव्हा मोबाईलमधला बागायतदाराचा नंबर म्हणजे चार महिन्यांचे काम, असेच समजा.

गेल्या दिवाळीच्या सुमारास हरसूल बाजूच्या एक ताई माझ्याकडे आल्या. दरवर्षी बारा बायकांची टोळी घेऊन त्या द्राक्षाच्या कामाला जातात. नातू फोनवर खेळत होता. खेळता खेळता त्याच्या हातून फोनमधली सगळी नावे पुसली गेली. बागायतदाराचा नंबर गेला, गाडीवाल्याचा गेला, टोळीतल्या बायकांचेही गेले. "साहेब, आता आम्ही कुठं जायचं?" त्यांनी विचारले. फोन पाहिला आणि सर्व नंबर पंधरा मिनिटांत परत आले. त्याच आठवड्यात दुसरे एक बाबा आले. त्यांचेही नंबर असेच गेले होते, पण त्यांचे काही परत मिळाले नाहीत. फोन दोघांचे सारखेच होते. मग फरक कशात होता? ते नीट समजून घेतले, तर तुमच्यावर ही पाळी आली तरी तुम्ही गोंधळणार नाही.

नंबर कोठे साठवलेले असतात?

आपण घरात धान्य एकाच जागी ठेवत नाही. थोडे डब्यात, थोडे कणगीत, थोडे गोदामात. नंबरांचेही तसेच आहे. ते तीन जागी असू शकतात.

1. सिमकार्डात : हा डबा. जागा थोडी. सिम हरवले की नंबरही गेले. त्याच नंबरचे दुसरे सिम मिळते, पण ते कोरे येते.

2. फोनमध्ये : ही घरातली कणगी. जागा भरपूर, पण फोन पाण्यात पडला, फुटला किंवा चोरीला गेला की आतले धान्यही गेले.

3. गुगल खात्यात : हे बाहेरचे गोदाम. नंबर फोनमध्ये दिसतात, पण त्यांची प्रत गुगलकडे राहते. या गोदामाची पावती म्हणजे तुमचा जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड. पावती जवळ असली, की कोणत्याही फोनवर माल सोडवता येतो.

ताईंचे नंबर गुगल खात्यात होते आणि त्या आठ दिवसांच्या आत आल्या. बाबांचे नंबर सिममध्ये होते. फरक एवढाच.

तुमचे नंबर कोठे आहेत हे आजच पाहून ठेवा. फोनमधले कोणतेही एक नाव उघडा आणि ते दुरुस्त करण्यासाठी पेन्सिलीचे चिन्ह दाबा. वरच्या बाजूला 'सिम', 'डिव्हाइस' किंवा तुमचा जीमेलचा पत्ता यांपैकी काहीतरी लिहिलेले दिसेल. ती त्या नंबराची जागा.

नंबर गेल्यावर प्रथम काय करू नये?

पिकावर रोग दिसला की काही जण दुकानात जाऊन मिळेल ते औषध आणून मारतात. इथेही तसेच होते. म्हणून आधी हे लक्षात घ्या :

• फोन 'रीसेट' करू नका आणि कोणाला करू देऊ नका. रीसेटने नंबर परत येत नाहीत. उलट फोनमध्ये उरलेले फोटो आणि इतर माहितीही जाते.

• 'पुसलेले नंबर परत आणतो' असे सांगणारी अनोळखी ॲप घेऊ नका. अशी ॲप बहुधा उपयोगी पडत नाहीत, आणि फोनमधली माहिती परक्याच्या हाती जाते.

• दिवस घालवू नका. गुगलच्या गोदामातून पुसलेला नंबर 30 दिवसच राखून ठेवलेला असतो. त्यानंतर तो कायमचा जातो.

पायरी पहिली : नंबर खरोखर पुसले का?

पुष्कळदा नंबर पुसलेले नसतात, नजरेआड झालेले असतात. फोनमध्ये दोन जीमेल खाती असली आणि एकाच खात्याची नावे दाखवायचे ठरले, की दुसऱ्या खात्यातली नावे दिसत नाहीत. 'कॉन्टॅक्ट्स' म्हणजे 'संपर्क' उघडा. वरच्या बाजूला खात्याचे नाव किंवा गाळणीसारखे चिन्ह असते. ते दाबून 'ऑल कॉन्टॅक्ट्स' निवडा. सिम नुकतेच काढून घातले असेल, तर ते नीट बसले आहे ना, हेही पाहा. एवढ्यानेच काम झाले तर उत्तम.

पायरी दुसरी : कचऱ्याचा डबा तपासा

नंबर गुगल खात्यात असतील, तर पुसल्यावर ते आधी कचऱ्याच्या डब्यात जातात. डबा 30 दिवस रिकामा होत नाही. त्यातून नंबर असे काढावेत :

1. इंटरनेट चालू करा. आपल्या डोंगराळ भागात सगळीकडे रेंज मिळत नाही. तेव्हा रेंज असेल त्या ठिकाणी किंवा बाजाराच्या दिवशी त्र्यंबकला आल्यावर हे काम करावे.

2. गुगलचे 'कॉन्टॅक्ट्स' ॲप उघडा.

3. खालच्या बाजूला 'ऑर्गनाइझ' असे लिहिलेले असेल, ते दाबा. जुन्या फोनात तेथे 'फिक्स अँड मॅनेज' दिसते.

4. त्यात 'ट्रॅश' किंवा 'बिन' शोधा. शेजारी डब्याचे चित्र असते.

5. पुसलेली नावे दिसतील. हवे ते नाव निवडून 'रिकव्हर' दाबा. नाव पुन्हा यादीत येईल.

फोन मराठीत ठेवला असेल तर शब्द थोडे वेगळे दिसतील, पण चिन्हे तीच असतात. सॅमसंगसारख्या काही कंपन्यांच्या फोनमध्ये नंबरांचे वेगळे ॲप असते. त्यातही मेनूत 'ट्रॅश' असतो, तोही पाहावा.

पायरी तिसरी : घड्याळ मागे फिरवा

एक-दोन नव्हे, सगळी यादीच गेली किंवा नावांची सरमिसळ झाली, तर दुसरा उपाय आहे. 'कॉन्टॅक्ट्स'मध्ये वरच्या कोपऱ्यातले तुमच्या खात्याचे चिन्ह दाबून सेटिंग उघडा. तेथे 'अनडू चेंजेस' असते. ते दाबल्यावर यादी किती मागे न्यायची असे विचारतात : 10 मिनिटे, 1 तास, 1 दिवस, 1 आठवडा, किंवा 30 दिवसांपर्यंत तुम्ही म्हणाल तितके. नंबर जाण्याच्या थोडी आधीची वेळ निवडावी. यादी त्या वेळी जशी होती तशी होते.

मात्र एक सावधगिरी बाळगा. त्या वेळेनंतर तुम्ही जे नवे नंबर साठवले असतील, ते या उपायाने निघून जातात. म्हणून आधी नवे नंबर कागदावर उतरवून घ्या आणि मगच 'अनडू' दाबा. ताईंच्या फोनमध्ये आम्ही हेच केले. मधल्या आठ दिवसांत साठवलेले तीन नंबर आधी लिहून घेतले, मग यादी दहा दिवस मागे नेली.

हेच काम संगणकावरही होते. 'कॉन्टॅक्ट्स डॉट गुगल डॉट कॉम' उघडून आपल्या जीमेलने आत जावे. ॲपलचा आयफोन असेल, तर 'आयक्लाऊड डॉट कॉम'वर 'डेटा रिकव्हरी'मध्ये अशीच सोय आहे. आयक्लाऊडमध्ये नंबर ठेवण्याची सोय आधीपासून चालू असली पाहिजे, एवढीच अट.

पायरी चौथी : नंबर फोनमध्ये किंवा सिममध्ये असतील तर

फोनचा 'बॅकअप' पूर्वीच चालू केलेला असेल, तर 'ऑर्गनाइझ'मध्ये किंवा फोनच्या सेटिंगमध्ये गुगलखाली 'रिस्टोअर कॉन्टॅक्ट्स' मिळते. त्यातून बॅकअप घेतलेले नंबर परत येतात. बॅकअप कधी घेतलेलाच नसेल, तर मात्र येथून काही हाती लागत नाही. सिममधून पुसलेला नंबर घरच्या घरी परत येण्याची आशा जवळजवळ धरूच नये. हे कडू वाटेल, पण खोटी आशा दाखवून तुमचे पैसे खर्च करायला लावण्यापेक्षा सरळ सांगितलेले बरे.

पायरी पाचवी : काहीच हाती न आल्यास

तरीही निराश होऊ नका. नावे पुसली तरी नंबर पुष्कळ ठिकाणी मागे राहिलेले असतात.

• फोनमधली आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी पाहा. नाव नसले तरी नंबर, तारीख आणि वेळ असते. 'अमक्या दिवशी सकाळी गाडीवाल्याचा फोन आला होता' असे आठवून माणूस ओळखता येतो.

• व्हॉट्सॲपवरची जुनी बोलणी तशीच असतात. नावाच्या जागी नंबर दिसतो. बचत गटाच्या किंवा गावाच्या ग्रुपमध्येही सदस्यांचे नंबर मिळतात.

• जुना फोन पेटीत पडला असेल तर चार्ज करून चालू करा. पण त्याला इंटरनेट लावू नका. इंटरनेट मिळाले की तोही गुगलशी जुळवून घेतो आणि त्यातली नावेही पुसली जाऊ शकतात. आधी नंबर कागदावर घ्या.

• टोळीतल्या दुसऱ्या माणसाकडे तोच नंबर असतोच. बाबांना त्यांच्या बागायतदाराचा नंबर शेवटी असाच पुतण्याकडून मिळाला. पण त्यात बारा दिवस गेले आणि तोवर त्या बागेत दुसरी टोळी लागली होती.

पुढे असे होऊ नये म्हणून

पेरणीनंतर धावपळ करण्यापेक्षा आधी बीजप्रक्रिया केलेली बरी. पुढील गोष्टी कराव्यात :

1. आपले जीमेल कोणते ते जाणून घ्या. पुष्कळांचे खाते दुकानदाराने फोन घेताना काढून दिलेले असते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. गोदामात माल आहे आणि पावती नाही, अशी ही गत. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून पासवर्ड नवा करून घ्या आणि खात्याला आपला चालू मोबाईल नंबर जोडा. पत्ता व पासवर्ड लिहून रेशनकार्ड ठेवता तेथे ठेवा.

2. नवा नंबर साठवताना जागा विचारली, तर सिम किंवा फोन न निवडता जीमेलचा पत्ता निवडावा. सिममधले जुने नंबर 'ऑर्गनाइझ'मधील 'इम्पोर्ट फ्रॉम सिम'ने गुगल खात्यात आणता येतात.

3. खाते वापरात ठेवा. गुगलच्या डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे सलग 2 वर्षे न वापरलेले खाते आतील माहितीसह काढून टाकले जाऊ शकते.

4. लहान मुलांच्या हाती फोन देताना खेळ किंवा चित्रफीत लावून द्या, आणि फोनला कुलूप ठेवा.

5. एक वही ठेवा. आपल्या त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत. आजोबा-पणजोबांची नावे त्यात सापडतात, कारण ती कागदावर आहेत आणि कोणीतरी जपली आहेत. आपणही वीस-पंचवीस महत्त्वाचे नंबर वहीत लिहावेत. 2026-27 च्या सिंहस्थात गर्दीमध्ये फोन हरवला किंवा बंद पडला, तर खिशातली चिठ्ठीच उपयोगी पडेल. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या व मुलांच्या खिशात घरचा नंबर लिहून ठेवावा.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर असू द्या : रुग्णवाहिका 108, तातडीची मदत 112, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962, आणि शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर 1800-180-1551. आवणीच्या दिवसांत भातखाचरात साप चावला, तर फोन चाळत बसायला वेळ नसतो.

फसवणुकीपासून सावध

'नंबर परत मिळवून देतो, आलेला ओटीपी सांगा' असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या. ओटीपी म्हणजे घराची किल्ली. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाईल पाठवून शेतकऱ्यांची खाती रिकामी केल्याचे प्रकार झाले आहेत. अशी फाईल उघडू नये. फसवणूक झाल्यास लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक.

थोडक्यात

• नंबर गेले तर घाबरू नका. रीसेट करू नका. अनोळखी ॲप घेऊ नका.
• नंबर कोठे साठवले होते ते आधी पाहा.
• गुगल खात्यात असतील तर 30 दिवसांच्या आत 'ट्रॅश' किंवा 'अनडू चेंजेस'मधून परत मिळवा.
• सिममधले नंबर आजच गुगल खात्यात आणा.
• जीमेल, पासवर्ड आणि महत्त्वाचे नंबर वहीत लिहा.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, अशा शेजाऱ्यांना हे पत्रक वाचून दाखवावे, आणि जमल्यास त्यांच्या फोनमधील नंबर कोठे आहेत ते पाहून द्यावे. ताईंनी यंदा टोळीतल्या बाराही जणींचे नंबर एका वहीत लिहून घेतले आहेत. तुमची वही कधी होणार?

आपला,
कृषी विस्तार अधिकारी