ढगातील यंत्रे आणि कागदावरची ओळ

श्रोतेहो, 'ढग' हा शब्द ऐकून वर पाहण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात मुंबई, चेन्नई आणि पुणे येथे आपला ढग आणला. ढग म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील, भाड्याने घेतलेले संगणक, इतकेच. न पाहिलेल्या या शेकडो यंत्रांची व्यवस्था ठेवावी कशी, हा आजचा प्रश्न.

जुनी रीत तोंडी कारभाराची. एखादा जाणता मनुष्य पडद्यापुढे बसून एकेक आज्ञा टंकित करी आणि काय केले ते त्याच्याच डोक्यात राही. शिवाय हात चुकतो. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात थोडी यंत्रे बंद करावयाची होती. आज्ञेत चूक झाली, भलतीच अधिक बंद पडली, आणि असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास अडून राहिली.

नवी रीत लेखी. काय करावे ते न लिहिता काय असावे ते लिहावयाचे: यंत्रे तीन, माहितीचे कोठार एक, आत येण्याची वाट अमुक. 2014 साली निघालेल्या 'टेराफॉर्म'सारखी आज्ञावली हा लेख आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहते आणि उणे असेल तेवढेच उभारते. म्हणून तीच फाइल दहा वेळा चालविली तरी यंत्रे तीनच राहतात, तीस होत नाहीत.

सातबाऱ्यावर एक आणि शिवारात दुसरेच, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. पण सातबाऱ्यावरची ओळ खोडल्याने शेत नाहीसे होत नाही. येथे मात्र ओळ खोडून फाइल चालविली, की यंत्र खरोखरच जाते, आतील माहितीसकट! म्हणून आज्ञावली आधी हिशेब मांडते: इतके वाढणार, इतके बदलणार, इतके नष्ट होणार. दुर्दैवाने नष्ट होणाऱ्यांचा आकडा शेवटी येतो, आणि घाईतला माणूस पहिलाच वाचतो. संमतीसाठी 'येस' हा पूर्ण शब्द लिहावा लागतो. नुसते 'वाय' चालत नाही.

'हे नष्ट करू नये' अशी रक्षक ओळही कोठाराच्या नोंदीत घालता येते. पण ती त्या नोंदीच्या आतच असते. सबंध नोंदच कोणी खोडली, तर रक्षकही तिच्याबरोबर जातो.