भुतांचे पत्ते

अंधाऱ्या खोलींत एकटें जाण्यास कचरणारें मूल बहुतेक घरीं असतें. ‘भित्रा’ म्हणून हिणवल्यानें त्याची भीति जात नाहीं. ती फक्त लपते. भीतीला हंसत सामोरें कसें जावें, हें जपानांतील ‘ओबाके कारुता’ या जुन्या खेळावरून ध्यानांत येतें.

‘ओबाके’ म्हणजे भूत. ‘कारुता’ हा शब्द पत्त्याच्या पोर्तुगीज नांवावरून आला. एदो काळांत (१६०३–१८६८) या खेळाचा उदय झाला. प्रत्येक पत्त्यावर एका भुताचें चित्र व एक अक्षर असे. चित्रें वर करून पत्ते पसरावयाचे. एकानें भुताचें वर्णन वाचावयाचें. ज्याचा हात त्या पत्त्यावर प्रथम पडेल, त्याचा तो पत्ता. शेवटीं ज्याच्यापाशीं भुतें अधिक, तो विजयी!

जपानी लोककथांतील भुतेंही मोठीं मासलेवाईक! रोकुरोकुबी नांवाच्या बाईची मान वाटेल तितकी लांबते. जुनी छत्री एका पायावर उड्या मारीत हिंडते. काप्पा हें पाणभूत तर फारच सभ्य. त्याचें सारें बळ डोक्यावरील खळग्यांतल्या पाण्यांत. आपण वांकून नमस्कार केला कीं तेंही उलट वांकतें, पाणी सांडतें, आणि स्वारी गलितगात्र होते!

एरव्हीं भूत मुलाच्या मागें लागतें. येथें मूलच भुताच्या मागें. ज्याचें नांव, रूप आणि वर्म कळलें, त्याचा दरारा कितीसा उरणार? शिवाय अक्षरओळख होते ती निराळीच. हट्टी मुलाला बागुलबुवाची भीति घालण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एवढा विचार अवश्य करावा.