साखळीच्या टाकीची गळती

माझे मामा नळाची कामं करतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी त्यांची लोकलने रोजची फेरी. सुट्टीत पिशवी धरायला मीही जातो. उल्हासनगर म्हणजे पूर्वीची लष्कराची कल्याण छावणी. 1947 नंतर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प नंबर सांगतात. तिथल्या नि अंबरनाथच्या जुन्या घरांत मामांना कधी कधी संडासात उंच बसवलेली बिडाची टाकी आणि लोंबणारी साखळी भेटते. तिचे सुटे भाग मागितले की दुकानदार हसतो, "टाकीच बदला!"

पण दोष बहुधा टाकीचा नसतोच. आत एक उभी नळी असते आणि तिच्यावर घंटेसारखं जड टोपण. साखळी ओढून सोडली की टोपण धाडकन खाली बसतं, पाणी नळीच्या काठावरून आत ढकललं जातं आणि मागचं सगळं पाणी ओढून नेतं. टोपणाच्या काठाखाली हवा शिरली की धार तुटते. म्हणजे खाली झिजायला रबर नाहीच! झिजतो तो पाणी आत येतं त्या कॉकमधला वायसर. मग कॉक नीट बंद होत नाही, पाणी चढत राहतं. जादा पाण्याची बाजूची नळी बुजलेली असली, तर ते उभ्या नळीतून गुपचूप खाली सांडतं.

अशी एक धार आम्ही तांब्यात धरली. 10 मिनिटांत 1 लिटर भरला. तासाला 6 लिटर, दिवसाला 144 लिटर. पंधरा लिटरच्या साडेनऊ बादल्यांहून जास्त! आणि हे पाणी फुकटचं नाही. इकडचा मोठा आधार बारवी धरण. त्याची उंची वाढवल्यावर 2019 साली पाणी चढलं, तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या लोकांना घरंदारं सोडावी लागली. त्यांच्या घरांवरून आलेलं पाणी आपण संडासात सोडून देतो, हे मला बरं वाटत नाही.

दुरुस्ती अशी. आधी येणारं पाणी बंद करावं. कॉक खोलून वायसर काढावा. एकच बाजू झिजली असेल तर उलटून बसवला तरी काही दिवस निघतात. नाहीतर जाड रबराचा नवा कापावा. चपलेच्या रबराचा वायसर म्हणजे पंधरा दिवसांचा पाहुणा, असं मामा म्हणतात. मग गोळा कानाशी हलवावा. आत पाणी खळखळलं तर तो फुटका. तांब्याचा असेल तर पाणी काढून झाळून घेता येतो, प्लॅस्टिकचा टाकून द्यावा. कॉकच गेला असेल तरी घाबरू नये. टाकी जुनी असली तरी आटे बहुधा अर्ध्या इंचाचेच, नवा कॉक बसतो. पाणी फार वर चढत असेल तर गोळ्याची दांडी थोडी खाली वाकवावी. पाणी काठाच्या खाली असूनही धार लागली असेल, तर मात्र उभी नळीच गंजलेली. तिथे मामाही हात टेकतात.

शेवटी टाकीत चिमूटभर नीळ टाकून तासभर साखळी ओढायची नाही. भांड्यात निळं उतरलं नाही तर काम झालं.

आणि हो, टाकी फार जड असते. खालचे ब्रॅकेट गंजलेले दिसले तर मामा शिडी लावतच नाहीत, आधी ब्रॅकेट बदलायला सांगतात.