मोठा केला की फोटो पुसट का होतो?

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी झाली, की मूर्तीचा फोटो निघतो. परगावचं गिऱ्हाईक त्यावरूनच मूर्ती पसंत करतं. छोट्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर डोळे रेखीव दिसतात. तोच फोटो १० फुटी फ्लेक्सवर घेतला, की पापणीची रेघ विस्कटते. लोक म्हणतात, मेगापिक्सेल कमी पडले. खरंच?

हिशेब करू. साध्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे नखाएवढाही नाही. फुल-फ्रेमचा ३६ बाय २४. १० फुटांसाठी पहिली प्रतिमा सुमारे ४९० पट ताणावी लागते, दुसरी ८५ पट. लेन्सची बारीक चूकही तितकीच ताणली जाते.

दुसरं कारण उजेडाचं. पावसात वाटी आणि परात शेजारी ठेवा. जास्त पाणी परातीतच जमणार. इथे क्षेत्रफळ ३० पट, म्हणून अ‍ॅपर्चर आणि शटर तेच ठेवलं तर प्रकाशही ३० पट. प्रकाशकण मोजूनमापून पडत नाहीत. सरासरी १०० असतील तर साधारण १० इकडेतिकडे होतात, १०,००० असतील तर १००. म्हणजे चूक १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर येते. रोह्यात धावीर महाराजांची पालखी रात्री टिपताना जे दाणे दिसतात, ते हेच. कॅमेरा ते दाणे पुसतो, आणि सोबत बारीक रेघाही पुसल्या जातात. मग त्या खऱ्याखुऱ्या परत येत नाहीत.

म्हणून मूर्ती खिडकीपाशी घ्या, कॅमेरा स्टँडवर लावा, आयएसओ कमी ठेवा. उजेड आधी, मेगापिक्सेल नंतर.