जुने दूरध्वनी संच : विल्हेवाटीची योग्य रीत
पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात विहिरीचे पाणी मोलाचे असते. कार्यालयातील निकामी दूरध्वनी संच व तारा फेरीवाल्या भंगारवाल्यास दिल्यास तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जाण्याचा धोका असतो. त्यांचा विषारी धूर व डाखातील शिसे हवा, माती आणि पाणी दूषित करतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये दूरध्वनी संचांचाही समावेश आहे.

प्रथम जडसंग्रह नोंदवहीवरून वस्तू पडताळाव्यात व सक्षम अधिकाऱ्याची निर्लेखनास मंजुरी घ्यावी. साठविलेले क्रमांक पुसावेत. बॅटऱ्या वेगळ्या काढाव्यात. चालू संच रीतसर लिलावाने विकावेत. निकामी संच मात्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवून पावती दप्तरी ठेवावी. चार पैशांच्या लाभापेक्षा गावाचे पाणी मोठे, हे ध्यानी असावे.